वाचनमंडळात स्त्री तत्त्वज्ञ: कोणता मजकूर घ्यावा?

अमळनेरकर
अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, आणि तरी तत्त्वज्ञानाच्या इतिहासातल्या बायकांचा विषय आमच्याकडे 'गार्गी, मैत्रेयी' एवढ्यावर आटोपतो. दिवाळीनंतर दीड-दीड तासाच्या चार बैठका घ्यायच्या आहेत, बारा-पंधरा माणसं असतील, संस्कृत कुणालाच फारसं येत नाही. नुसती नावं नकोत, ज्यावर वाद घालता येईल असा मजकूर हवा. शिवाय मुक्ताई घेतली की 'ही भक्ती झाली, तत्त्वज्ञान नव्हे' असं दोघंतिघं म्हणणारच. त्यांना काय सांगायचं?

पोथीवाचक
सुरुवात गार्गीपासूनच करा, पण बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायातलं सहावं, आठवं आणि नववं ब्राह्मण (म्हणजे प्रकरण) एकाच बैठकीत वाचा. बहुतेक जण सहाव्यावर थांबतात आणि तिथंच घोळ होतो. गार्गी विचारते, सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, मग पाणी कशात? वायू, अंतरिक्ष असं चढत ती ब्रह्मलोकापर्यंत पोचते, तेव्हा ज्याला ती विचारतेय तो ऋषी याज्ञवल्क्य बजावतो की याच्या पलीकडे विचारू नकोस, डोकं गळून पडेल. ती गप्प होते. एवढंच वाचलं तर 'बाईला गप्प केलं' यापुढे काही हाती लागत नाही.

आठव्यात ती पुन्हा उभी राहते. काशीचा किंवा विदेहाचा वीरपुत्र धनुष्याला दोरी चढवून दोन बाण घेऊन यावा, तशी मी दोन प्रश्न घेऊन आले आहे, असं सांगते. इथं तिची रीत बदलली आहे, हे मंडळींच्या लक्षात आणून द्या. आता पायऱ्या नाहीत. द्युलोकाच्या वर, पृथ्वीच्या खाली, झालेलं, असलेलं, होणारं हे सगळं कशात विणलंय? उत्तर येतं, आकाशात. मग आकाश कशात? या वेळी याज्ञवल्क्य तिला अडवत नाही. 'अक्षर' म्हणून सांगतो, आणि तेही 'स्थूल नाही, सूक्ष्म नाही, आखूड नाही, लांब नाही' असं नकारानं. त्यानंतर निकाल देते ती गार्गी: या याज्ञवल्क्याला नमस्कार करून सुटलात तरी पुष्कळ. नवव्यात विदग्ध शाकल्य हा दुसरा पंडित तो निकाल मानत नाही, प्रश्न रेटत राहतो, आणि डोकं पडतं ते त्याचं.

'ओतप्रोत'ला पंधरा मिनिटं राखून ठेवा. आपण तो 'काठोकाठ भरलेलं' म्हणून वापरतो. मूळ शब्द विणकामातला आहे, उभा धागा आणि आडवा धागा. खादीचा एक तुकडा सोबत न्या आणि कडेचे धागे सोडवून दाखवा. जग कशाचं बनलंय, एवढंच गार्गी विचारत नाही. ते कशाच्या आधारानं एकत्र धरून राहिलंय, हे तिला हवंय.

जळगावची वाचक
दुसऱ्या बैठकीला बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ घ्या. मे १६४३ मध्ये तिनं फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला लिहिलं: आत्मा जागा व्यापत नाही म्हणता, मग तो शरीराला हलवतो कसा? ढकलायचं तर स्पर्श हवा, स्पर्शाला विस्तार हवा. देकार्तनं वजनाचा दाखला दिला: जडपणा दगडाला खाली नेतो, तो काही पृष्ठभागाला पृष्ठभाग टेकवून नव्हे. जूनमध्ये तिनं कळवलं, त्यापेक्षा आत्म्यालाच विस्तार आहे असं मानणं मला सोपं जाईल. तिची दोन पत्रं, त्याचं एक. मोठ्यानं वाचली की चर्चा आपोआप पेटते.

अशी नावं इतिहासातून गळतात कशी, तेही इथं दिसतं. देकार्त १६५० मध्ये वारला. त्याची पत्रं १६५७ पासून छापली गेली. तिनं स्वतःची छापू दिली नाहीत. ती १८७९ मध्ये छापून आली. तोवर दोनशेहून जास्त वर्षं लोकांपुढं उत्तरं होती, प्रश्न नव्हते.

तापीकाठ
मुक्ताईबद्दल. 'भक्ती की तत्त्वज्ञान' हा वाद नावावरून नका घालू, ओळ समोर ठेवा. ताटीच्या अभंगात ती रुसलेल्या ज्ञानेश्वरांना म्हणते, 'विश्वपट ब्रह्मदोरा'. विश्व हे कापड, ब्रह्म हा दोरा. पोथीवाचकांनी सांगितलेला खादीचा तुकडा इथं पुन्हा काढा! पण मुक्ताई त्याच्यापुढं जाते, त्यातून वागणं काढते: 'जीभ दातांनी चाविली, कोणे बत्तिशी तोडिली?' दुखावणारा आणि दुखावलेला एकाच कापडाचे, तर राग हा नुसता दुर्गुण नव्हे, ती समजुतीतली चूक आहे. आता मंडळींना हरकत घ्यायला लावा. दात जिभेला चुकून चावतात; गावानं या भावंडांना वाळीत टाकलं ते जाणूनबुजून. मग दाखला टिकतो का? अन्यायाला अन्याय म्हणायची सोय या अद्वैतात उरते का? तासभर पुरेल, आणि 'ही नुसती भक्ती' म्हणणारेच सगळ्यात जास्त बोलतील.

सगळ्यांना एकाच गाथेच्या झेरॉक्स द्या. आवृत्त्यांत पाठभेद आहेत. वेगवेगळ्या प्रती आल्या की अर्धा वेळ ओळी जुळवण्यात जातो. ही बैठक कोथळी-मेहूणला किंवा चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर घेता आली तर फारच छान.

अमळनेरकर
मनापासून आभार. तीन ठरल्या. चौथी?

पोथीवाचक
पुन्हा बृहदारण्यक, ६.४.१७. मुलगी पंडिता व्हावी असं ज्याला वाटेल त्यानं तीळभात शिजवून, तूप घालून नवराबायकोनं खावा, असं तिथं आहे. त्यावर शंकराचार्यांचं भाष्य म्हणतं, मुलीचं पांडित्य घरकामापुरतं, कारण वेदाचा अधिकार तिला नाही. मूळ वाक्यात ही अट कुठंच नाही. दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर द्या. आधी मूळ वाचून प्रत्येकानं 'पंडिता'चा अर्थ लिहावा, मगच भाष्याचा कागद वाटा. अनुवाद निवडताना एवढं तपासा की भाष्यातला अर्थ मूळ वाक्यातच मिसळलेला नाही ना.