मदत हवी आहे: गाडी तापते, खर्च वाढतच चाललाय (डिचोली)

नमस्कार मंडळी. आमची जुनी पेट्रोल गाडी साखळीहून चोर्ला घाट चढायला लागली की तापमानाचा काटा लाल खुणेकडे जातो. मेकॅनिकने आधी थर्मोस्टॅट बदलला, मग रेडिएटर, मग वॉटर पंप. दरवेळी म्हणतो, "आता काळजी नको." तरी कूलंट कमी होतोच, खाली मात्र थेंबही पडत नाही. आता म्हणे हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय. खर्च २५ हजार, हेड उघडल्यावर वाढेलही!

माणूस वडिलांच्या ओळखीचा, त्यामुळे स्पष्ट बोलायला जड जातं. पण अंदाजाने पार्ट बदलत जायचे आणि पैसे आम्ही भरायचे, हे पटत नाही. पक्कं बिल नाही, काढलेले जुने पार्टही दिले नाहीत.

हेड उघडण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब तपासणं) आणि कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट नीट करून देणारं गॅरेज डिचोली, म्हापसा किंवा फोंड्याला कुणाला माहीत आहे का? दुसऱ्याकडे दाखवायचं या मेकॅनिकला कसं सांगू? पक्क्या बिलाशिवाय राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला (१९१५) तक्रार केल्याचा कुणाला अनुभव असेल तर तोही सांगा. आईला तपासणीसाठी बेळगावला न्यायचं असतं, म्हणून चतुर्थीआधी गाडी नीट व्हायला हवी.