‘खरा आजारी असेल तर १५ गुण मिळतातच’: ब्रिटनमधली कामक्षमता चाचणी

कोव्हेंट्रीचा कोकण्या
काल एकाने लिहिलं, “डब्ल्यूसीएत (सरकारच्या कामक्षमता चाचणीत) खऱ्या आजाऱ्याला १५ गुण आरामात मिळतात, बोंबलतात ते कामचुकार.” डोक्यात तिडीक गेली.

युनिव्हर्सल क्रेडिट (यूसी) या सरकारी मदतीत १५ गुणांनी मिळतं काय? एलसीडब्ल्यू, म्हणजे ‘काम करण्याची क्षमता मर्यादित’ असा शिक्का. एप्रिल २०१७ नंतरच्या नव्या दाव्याला त्याची जास्तीची एक पेनीही नाही. पैसे आहेत एलसीडब्ल्यूआरएला (कामाचीच नव्हे, कामाच्या तयारीचीही क्षमता मर्यादित), आणि तिथे गुणांची बेरीज चालत नाही, ठरलेल्या यादीतला एखादा निकष पुरता लागू व्हावा लागतो. चालण्याचं बघा. २०० मीटर जमत नसतील तर ६ गुण, १०० जमत नसतील तर ९, ५० जमत नसतील तर १५. ‘पुन्हापुन्हा, वाजवी वेळात’ जमायला हवं हे नियमातच आहे, तपासणाऱ्याच्या अहवालात मात्र ते शोधून सापडत नाही. शिवाय मोजतात ते नुसतं पायांनी चालणं नव्हे. हाताने ढकलायची व्हीलचेअर ‘वापरता आली असती’ असं वाटलं की घरात चेअर नसलेल्याचेही ५० मीटर पार! खांदे, मनगटं दुखत असतील तर चाचणीआधी भरायच्या यूसी५० फॉर्मच्या चालण्याच्या प्रश्नातच तसं लिहा.

चोख हिशेब
कोकण्या, अर्धंच सांगताय. चाचणी बरोबर आहे. किमो किंवा रेडिओथेरपी चालू असेल, सहा महिन्यांत होणार असेल किंवा रुग्ण त्यातून सावरत असेल, तर त्याला एलसीडब्ल्यूआरएत धरायची सोय आहे. फॉर्मवर त्याचं वेगळं पान असतं, कॅन्सर नर्सकडून भरून घ्यायचं. आयुष्य वर्षभराच्या आतच असेल तर डॉक्टरांनी भरायचा एसआर१ फॉर्म. २०२२पर्यंत ही मुदत सहा महिन्यांची होती. एसआर१वाल्याला ना चाचणी, ना वाढीव रकमेसाठी तीन महिने थांबणं. उरलेल्यांना कुणीच तपासायचं नाही का? जीपीची (फॅमिली डॉक्टरची) फिट नोट, म्हणजे आजारपणाची चिठ्ठी, म्हणजे ब्रह्मवाक्य?

सोमवारचा उपास
उरलेल्यांचंच तर रडगाणं आहे, साहेब! एमएस, ल्युपस, एमई असे कमीजास्त होणारे आजार. मंगळवारी चाचणीच्या फोनवर तासभर नीट बोललात की ‘त्रास जाणवला नाही’ अशी नोंद. बुधवारी उठता येत नाही, ते कोण बघतं? फेरतपासणीतून कायमची सुटका हवी तर निकष सदासर्वकाळ लागू पाहिजे. चढउताराचा आजार तिथेच बाद.

हप्तेवाला
हे पीआर (कायमचा रहिवास) झालेल्यांचे चोचले. स्किल्ड वर्कर व्हिसावाल्याच्या पगारातून नॅशनल इन्शुरन्सचे हप्ते कापतात आणि आजारी पडला की ‘नो पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी मदत बंद. त्यावर बोला!

चोख हिशेब
बोलतो. युनिव्हर्सल क्रेडिट पब्लिक फंड आहे, न्यू स्टाइल ईएसए (नॅशनल इन्शुरन्सच्या हप्त्यांवर मिळणारा आजारपणाचा भत्ता) नाही. आधी एसएसपीचे (मालकाने द्यायच्या आजारपणाच्या पगाराचे) २८ आठवडे, मग मागच्या दोन पूर्ण करवर्षांतले हप्ते पुरेसे असतील तर अर्ज. व्हिसाला धक्का नाही. आपले लोक भीतीने अर्जच करत नाहीत.

हप्तेवाला
वा, फुकटचं पुण्य! नोकरी गेली की स्पॉन्सर (व्हिसासाठी हमी देणारा मालक) गेला, मग होम ऑफिस (व्हिसा बघणारं सरकारी खातं) व्हिसा ६० दिवसांवर आणतं. ईएसए घेऊन हीथ्रोवर बसायचं?

चोख हिशेब
नोकरी गेली तर. आजारी रजेवर असताना अर्ज करता येतो, मी तेच सांगतोय. वाचत जा जरा.

सोमवारचा उपास
आणि ईएसएलाही चाचणी हीच. सपोर्ट ग्रुपात (ईएसएतला एलसीडब्ल्यूआरएसारखा गट) नाही बसलात तर ३६५ दिवसांनी बंद. फिरून आलोच ना ५० मीटरवर?

कोव्हेंट्रीचा कोकण्या
व्हिसाचा वेगळा धागा काढा रे. नकार आलेल्यांनी तारीख बघा. मॅन्डेटरी रिकन्सिडरेशनला (डीडब्ल्यूपी या भत्ते देणाऱ्या खात्याकडेच फेरविचार मागणं) एक महिना, तिथेही नाही म्हणाले की ट्रिब्युनलला आणखी एक. ट्रिब्युनल डीडब्ल्यूपीने निर्णय दिला त्या दिवशीची तब्येत बघतं. नंतर बिघडली असेल तर ते कागद तिथे लावून उपयोग नाही, डीडब्ल्यूपीला वेगळं कळवायचं. आणि ‘काम करायला लावलं तर शारीरिक किंवा मानसिक तब्येतीला मोठा धोका’ हा नियम वापरा, निकष बसत नसला तरी चालतो. मोघम नको. कुठलं काम, काय होईल, किती वेळात, हे डॉक्टरांच्या पत्रात हवं.

चोख हिशेब
व्हीलचेअरचं मला माहीत नव्हतं, मान्य. ‘चाचणी बरोबर आहे’ यातलं ‘बरोबर’ मागे घेतो. चाचणी राहू दे.