सोन्यावर ३ टक्के, फवारणीच्या औषधावर १८, मग श्रीमंतांवर टॅक्स म्हटलं की राग का येतो?

कापूसवाला, चोपडा
काल कृषी केंद्रातून कपाशीचं औषध आणलं. २४०० चं औषध आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४३२ रुपये वरचे. नंतर मेव्हण्याबरोबर जळगावला सराफ बाजारात गेलो, भाचीचं लग्न आहे, तिथं बिलात सोन्यावर ३ टक्के. दुकानदाराला त्याचा टॅक्स वळता मिळतो, माझे ४३२ कोण देणार? आणि पैसेवाल्यांवर जास्त टॅक्स लावा म्हटलं की लोक अंगावरच येतात.

केळीवाला, सावदा
तुन्हं बरोबर शे भाऊ, पण शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स शून्य आहे हे पण सांग ना. तुझा ३ एकर कापूस आणि माझ्या शेजाऱ्याची ६० एकर टिश्यू कल्चरची केळी, दोघांना शून्य. वरून आमच्याकडचा एक ठेकेदार, शेतात नुसत्या बाभळी आणि रिटर्नमध्ये लाखोंचं डाळिंब, कुठून आलं ते त्यालाच माहीत.

मास्तर, धुळे
आमचा टॅक्स तर पगार हातात यायच्या आधीच कापला जातो. वरच्या स्लॅबला ३० टक्के, आणि शेअर वर्षभर ठेवून विकले तर सव्वा लाखापुढच्या नफ्यावर फक्त साडेबारा. म्हणजे घाम गाळणाऱ्याला जास्त आणि पैशाने पैसा केला त्याला कमी, हे कुठलं गणित?

हिशोबनीस, भुसावळ
संपत्ती कर होता हो आपल्याकडे, १९५७ पासून. शेवटी ३० लाखांच्या वरच्या संपत्तीवर १ टक्का होता. पण गंमत बघा, दागिने, गाड्या धरायचे आणि शेअर सोडून द्यायचे, म्हणजे खरा पैसा जिथं तिथं हातच नाही. वसुली कमी आणि खटाटोप जास्त, म्हणून २०१५ च्या बजेटमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जेटलींनी काढला आणि एक कोटीवरच्या उत्पन्नाला २ टक्के सरचार्ज, म्हणजे टॅक्सवरचा टॅक्स, वाढवला. वारसा मिळाल्यावरचा इस्टेट ड्युटी तर १९८५ लाच गेला. संपत्ती कर परत आणायचा तर शेअर धरून आणा, नाहीतर सराफ बाजारच रडेल.

कापूसवाला, चोपडा
वारशावर लागला तर माझ्या ३ एकरावर पण बसेल का? वडिलांच्या नावावरच आहे अजून.

केळीवाला, सावदा
तुला कोण विचारतं रे, तुम्ही तिघं भाऊ आधी सातबाऱ्यावर नावं तर लावा 😄