मदत हवी आहे: आईच्या काचबिंदूसाठी लेझर की स्टेंट?

आईचं वय ६८, राहतो ठाण्यात घोडबंदरला. दोन्ही डोळ्यांत ओपन अँगल काचबिंदू, अजून सुरुवातीचाच. लॅटानोप्रोस्टचे थेंब रोज रात्री न चुकता घालतो तरी डोळ्यातलं प्रेशर २३-२४ च्या खाली येत नाही, दमा असल्याने टिमोलॉल चालत नाही आणि तिसऱ्या थेंबांनी डोळे लालभडक झाले म्हणून तेही बंद केले. त्यात उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. एक डॉक्टर म्हणतात आधी एसएलटी लेझर (डोळ्यातलं पाणी नीट वाहून जावं म्हणून करतात ते) करून बघू, दुसरे म्हणतात मोतीबिंदू काढतानाच आयस्टेंट (डोळ्यातलं पाणी वाहून जायला बसवतात ती अगदी बारीक नळी) बसवून टाकू. ट्रॅबेक्युलेक्टॉमी (काचबिंदूचं मोठं ऑपरेशन) एवढ्यात नको यावर दोघांचं एकमत, तेवढं बरं. गेलेली नजर परत येत नाही हे माहितीये, उरलेली टिकवायचीये. ठाणे-वाशी-नेरूळकडे कोणी मोतीबिंदूसोबत स्टेंट बसवलाय का, नंतर थेंब खरंच कमी झाले का, आणि मेडिक्लेमने स्टेंटचे पैसे दिले का?