सुपर पिक्रॉसचं कार्ट्रिज, पुयो पुयोची डिस्क: दुरुस्त करू की डिजिटलच घेऊ?

गिरगाव16बिट: माझ्याकडे निन्टेन्डोच्या जुन्या जपानी कन्सोलांचे दोन कोडे-गेम आहेत: मारिओज सुपर पिक्रॉसचं (1995) सुपर फॅमिकॉम कार्ट्रिज आणि फॅमिकॉम डिस्क सिस्टिमची पुयो पुयो (1991). पिक्रॉसमध्ये सेव्ह राहत नाही, ते सांभाळणारा आतला सेल संपला असावा. ग्रँट रोडचा दुरुस्तीवाला म्हणतो, साधा सेल आणा, थेट सोल्डर करून देतो. हेच गेम निन्टेन्डोच्या नव्या स्विच कन्सोलवर मिळत असतील तर जुन्यावर खर्च करावा का?

सोल्डरवाला_ठाणे: थेट सोल्डर अजिबात नको! लिथियम सेल तापला की फुगतो, फुटूही शकतो. पत्र्याचे पाय लावलेला सीआर2032 मागा आणि सोल्डरिंग फक्त पायांना करून घ्या. कार्ट्रिज उघडायला 3.8 मिमीचा गेमबिट (निन्टेन्डोच्या खास स्क्रूंचा पाना) लागतो, 4.5 मिमीचा कन्सोलसाठी. बोर्डावरची + खूण बघूनच बसवा. नव्या सेलवर 3 व्होल्ट दिसतोय आणि तरी सेव्ह उडतंय, तर जुना सेल गळून बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक खाल्लाय का ते बघा. बाकीच्या कार्ट्रिजमधलं सेव्ह जिवंत असेल तर आधी डंपरने (कार्ट्रिजमधला डेटा कॉम्प्युटरवर घेणाऱ्या यंत्राने) उतरवून घ्या, सेल काढला की सेव्ह ठेवणारी रॅम कोरी होते.

डिस्कची गोष्ट वेगळी. बऱ्याच डिस्कांना शटरच (सरकतं झाकण) नसतं, त्यामुळे आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते आणि ती ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडवर घासते. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, बास. ड्राइव्हचा रबरी पट्टा वितळून चिकट झालेला असतो. तो बदलला की हेडची जागाही जुळवावी लागते, नाहीतर एरर 27 येत राहतो, म्हणजे वाचलेल्या डेटाचा सीआरसी (चूक पकडणारा तपासणी आकडा) जुळत नाही.

बेस्ट_कॉम्बो: 'हेच गेम' म्हणताय तिथेच गोची आहे. सुपर पिक्रॉस निन्टेन्डो स्विच ऑनलाइन या वर्गणीच्या सेवेवर सप्टेंबर 2020 पासून आहे, पण ते भाड्याचं घर: वर्गणी संपली की बंद, आणि नेटला न जोडता सात दिवसच चालतं. पुयो पुयोचं तर स्विचवर सेगा एजेस या जुन्या गेमांच्या मालिकेतलं, एम2 कंपनीने केलेलं पोर्ट (2019) आहे 1992च्या आर्केडचं, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवरच्या गेमचं. तुमची डिस्क त्याआधीची, कंपाइल कंपनीची. समोर प्रतिस्पर्धी ठेवून खेळायची कथा तिच्यात नाही, ती आर्केडमध्ये आली.

विकत घेतलेलंही कायमचं नसतं. निन्टेन्डोच्या वी कन्सोलचं ऑनलाइन दुकान, वी शॉप, 30 जानेवारी 2019ला बंद झालं, तिच्याच 3डीएस आणि वी यू कन्सोलांवरची खरेदी 27 मार्च 2023ला.

गिरगाव16बिट: जपानी ईशॉपवर (निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानात) आपलं कार्ड चालेल?

बेस्ट_कॉम्बो: नाही. 25 मार्च 2025पासून जपानबाहेरची क्रेडिट कार्डं आणि पेपाल बंद. जपानी प्रीपेड कार्डाचा कोड घ्या. दुसऱ्या देशाचा कोड तिथे लागत नाही. खात्याचा देश बदलायचा असेल तर आधी शिल्लक शून्य करा.

रॉम_आणि_रम: डिजिटलला इतकी नावं ठेवू नका. कॅपकॉमच्या सुपर पझल फायटर 2 टर्बोच्या (1996) सीपीएस-2 या आर्केड बोर्डात डिक्रिप्शनची, म्हणजे गेमचा सांकेतिक डेटा उलगडायची, किल्ली बॅटरीवर टिकते. बॅटरी मेली की बोर्ड मुका. कॅपकॉम फायटिंग कलेक्शनमुळे (2022) तो गेम निदान सरळ विकत मिळतो. पण स्वतःकडच्या कार्ट्रिजचं डंप दोनदा करा, दोन्हींचा एसएचए-1 (फाइलचा ओळख-आकडा) जुळला तरच फाइल ठेवा. पहिल्यांदा न जुळण्याचं कारण बहुतेकदा मळकट पिना. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, खोडरबर नको.

आणि हो, फॅमिकॉमचा मूळ अडॅप्टर 100 व्होल्टचा आहे. आपल्या 230च्या सॉकेटात थेट लावलात तर जळेल. स्टेप-डाउन घ्या, किंवा 10 व्होल्ट, 850 मिलिअँपचा, पिनच्या आत ऋण टोक असलेला अडॅप्टर शोधा.