मचमच, मिटक्या, भुरके... आणि मित्राला नेमकं सांगायचं काय?

एक शब्द हवाय. आमच्या ग्रुपमधला एक मित्र, माणूस एकदम दिलदार, पण जेवायला शेजारी बसला की माझं जेवणातलं लक्षच उडतं. तोंड उघडं ठेवून चावतो, घास तोंडात असतानाच किस्से सांगायला लागतो आणि सगळ्यांच्या भाजीच्या बाउलमध्ये तोंडातला चमचा तसाच घालतो. सांगायचंय पण दुखवायचं नाहीये. 'टेबल मॅनर्स' म्हटलं की मी फार साहेब झाल्यासारखं वाटतं, त्यात आम्ही अर्ध्या वेळा खाली मांडी घालून जेवतो, म्हणजे टेबलच नाही तर मॅनर्स कुठले. 'भोजनशिष्टाचार' म्हटलं तर तो हसून हसून लोळेल. रोजच्या बोलण्यातला शब्द कुठला? आणि त्या आवाजाला मचमच म्हणायचं की मिटक्या, यावरून आमच्यात दोन तट पडलेत.

---

मचमच आणि मिटक्या अजिबात एक नाहीत हो. मिटकी मारतात ती चव आवडली म्हणून. आमरस, श्रीखंड, मुरलेल्या लोणच्याची फोड, जीभ टाळूला लावून जो आवाज निघतो तो. 'मिटक्या मारत खाल्लं' हे कौतुक आहे, करणारी बाई ऐकून खूश होते. मचमच ओठ न मिटता चावण्याची, तिथे पदार्थ चांगला आहे की वाईट याचा काही संबंध नाही, उकडलेला बटाटा खातानाही होते. 'मचाक मचाक' पण ऐकलंय, ते म्हणजे मचमचीचा वरचा नंबर.

तिसरा भुरका. तो पातळ पदार्थाचा, हवेसकट आत ओढायचा. कढी, ताक, सार, बशीतला चहा. गरम रस्सा भुरकला की हवेने जरा निवतो आणि तोंड भाजत नाही, म्हणजे त्या आवाजाला कारण आहे. म्हणून भुरका माफ. कोल्हापुरात कोणाकडे पांढरा रस्सा आवाज न करता चमच्या चमच्याने प्यायलात तर त्यांना वाटेल पाहुण्याला आवडला नाही की काय.

---

>>म्हणून भुरका माफ<<
आमच्या विदर्भात भुरका म्हणजे गरम तेलात लसूण आणि लाल तिखट घालून केलेलं तोंडी लावणं, भाकरीसोबत मस्त. पुण्यात हॉस्टेलला पहिल्यांदा 'भुरके मारू नको रे' ऐकलं तेव्हा मी म्हटलं भुरका मारतात कसा, तो तर कालवून खातात ना. तेवढं सोडलं तर बाकी सहमत.

---

मूळ प्रश्नाचं उत्तर कोणी दिलंच नाही. टेबल मॅनर्सला आपल्याकडे शब्द आहे, 'वळण'. 'जेवणाचं वळण नाही त्याला.' पण धागाकर्त्याने हा शब्द चुकूनही वापरू नये असं माझं मत. वळण माणूस स्वतः लावून घेत नाही, घरचे लावतात, त्यामुळे 'तुला वळण नाही' म्हणजे सरळ त्याच्या आईवर गेलं. संस्कार, शिस्त, रीतभात, जो काढाल तो शब्द शेवटी घरापर्यंत पोचतो. इंग्रजीतल्या मॅनर्सचं ओझं त्या मानाने हलकं वाटतं, म्हणून तर आपण अशा वेळी इंग्रजीत घुसतो. उलट मचमच हा नुसता आवाजाचा शब्द आहे, त्यात ना आई ना खानदान. 'ए, मचमच बंद कर की' हे मित्र मित्राला हसत हसत सांगू शकतो. तेव्हा नाम शोधत बसू नका, आवाजाचं नाव घ्या आणि सोडून द्या.

---

+१ वळणाबद्दल. आणि हादडणे, चापणे, हाणणे, ताव मारणे, आडवा हात मारणे हे सगळे किती खाल्लं त्याचे शब्द. बकाबका, गपागपा हे वेगाचे. कसं खाल्लं यावर बोलायला मराठीत एवढा ऐवज आहे पण मित्रांत ह्यातलं काहीच शिवी म्हणून लागत नाही, 'काल चार मिसळी हाणल्या' लोक अभिमानाने सांगतात. अपवाद 'गिळ'. 'गिळायला ये' म्हणायचा अधिकार फक्त आईला, तोसुद्धा ती चिडलेली असताना.

---

चमच्याचा मुद्दा वेगळा आहे, तो मचमचीत मिसळू नका. तिथे शब्द 'उष्टं'. लोक उष्टं आणि खरकटं एक समजतात. तोंड लागलं की उष्टं. खरकटं म्हणजे हाताला, ताटाला लागलेलं शिजलेलं अन्न, मग तोंड लागलेलं असो नसो. तुमच्या मित्राचा चमचा उष्टा, आणि त्याच हाताने पाण्याचा जग उचलत असेल तर जग खरकटा. म्हणून तर आपल्याकडे उजव्या हाताने जेवताना वाढून डाव्या हाताने घ्यायची पद्धत, डाव खरकटा होऊ नये म्हणून. पण काही लोकांकडे डावा हात अन्नाला लावणं हेच वाईट समजतात, तिथे आपणच बिनवळणी ठरतो! मित्र कुठल्या घरातला आहे ते आधी बघा.

आणि उष्ट्याचं एवढं कडक तरी कुठे असतं. शाळेत चिंच नाहीतर पेरू फ्रॉकच्या टोकात गुंडाळून 'चिमणीच्या दातांनी' तोडला की तो उष्टा नाही, हा कायदा आम्ही सगळ्यांनी पाळलाय.

---

जरा आडवं जातो. दुसऱ्याच्या चावण्याच्या आवाजाने जीव नकोसा होणं याला 'मिसोफोनिया' म्हणतात, हा शब्द जॅस्ट्रेबॉफ दांपत्याने २००१ मध्ये आणला, ग्रीकमधून, आवाजाचा द्वेष अशा अर्थी. म्हणजे ग्रुपमधल्या बाकीच्यांना त्रास होतोय का तेही विचारून बघा, कदाचित मचमच त्याची आणि कान तुमचे असं असेल.

---

विचारलं. तिघांना होतो :) म्हणजे कान बरे आहेत. पण वाक्य कसं करू ते अजून सुचत नाहीये. 'मला किळस येते' म्हणू का?

---

अहो नको! किळस त्या माणसाचीच वाटते ऐकणाऱ्याला. शिसारी त्याहून भयंकर, ती पाल अंगावर पडल्यावर येते. 'मला कसंतरी होतं' म्हणा. 'अरे तोंड मिटून खा ना, मला कसंतरी होतं.' ह्यात होतंय ते तुम्हाला, तो फक्त तोंड मिटणार. फक्त चारचौघांत नको, आणि घास तोंडात असताना तर नकोच, लगेच उत्तर द्यायला जाईल.

चमच्यासाठी बोलायचीही गरज नाही. बाउलमध्ये आधीच एक डाव घालून ठेवा.

---

हॉटेलात डाव मागितला तर वेटर कॅरम आणून ठेवेल, तिथे 'सर्व्हिंग स्पून'च म्हणा.