एमपीएचच्या वर्गात नक्की कोण कोण असतं? (बेळगाव) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यातली, बीएचएमएस (होमिओपॅथी डॉक्टर), वय 37, लेक चौथीत. बेळगावात एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, सार्वजनिक आरोग्याची पदवी) करायचं डोक्यात घेतलंय. दोन वर्षांचा कोर्स, नीट-पीजी लागत नाही, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओ सगळ्यांना चालतंय एवढं कळलं (एमडी कम्युनिटी मेडिसिनला एमबीबीएसच पाहिजे, तो विषयच संपला). फी विचारली की कॉलेजवाले घडाघडा सांगतात, पण बॅचमध्ये कोण असतं विचारलं की "मिक्स असतात मॅडम", बस्स.

ब्रोशरमधला फोटो झूम करून बघितला. पुढं सगळ्या पोरीच, मागं मोजकी पोरं, सगळी विशीपंचविशीतली. माझ्या वयाचं एकच कोणतरी दिसलं, तर त्या शिकवणाऱ्या मॅडम निघाल्या!

तर ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, नोकरी करून नाहीतर पोरंबाळं झाल्यावर आलेले असतात काय? डेंटिस्टच जास्त असतात म्हणतात ते खरं का? बाहेरच्या राज्यातले किती, कारण ते असले की वर्गात आपोआप इंग्रजी चालतंय, नाहीतर सगळे कन्नडात बोलणार आणि मी आपली कोपऱ्यात. बोलायला कन्नड येतंय हो, निम्मे पेशंट कन्नडच, पण शाळा मराठी त्यामुळे घरोघरी सर्व्हेचा फॉर्म पुढ्यात आला की बोट ठेवून वाचावं लागतंय, जोडाक्षर आलं की गाडी थांबली.

बसचं टेन्शन नाही, कर्नाटकात बायकांना शक्ती योजनेत सरकारी बसनं फुकट जाता येतंय. सासूबाई म्हणतात आता पोरांच्यात जाऊन बसणार काय. त्याचं मला काय वाटत नाही, पण ग्रुपवर्कला कोण घेणार की नाही तेवढं कळू दे.

प्रतिसाद :
ताई, मी बीडीएस करून एमपीएच केलंय, बेळगावात नाही पण सीमाभागातलाच. आमच्यात डेंटिस्ट आणि आयुषवालेच (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) जास्त, एमबीबीएस एखादाच, मुली जास्त. एक स्टाफ नर्स होत्या पन्नाशीला टेकलेल्या, सर्व्हेला त्याच पुढं, आशाताई फक्त त्यांचंच ऐकायच्या. मराठी गावात कन्नड पोरं अडतात, तिथं तुम्ही बोला, फॉर्म त्यांना भरू दे. भ्यायचंच तर बायोस्टॅटला (आकडेवारीच्या विषयाला) भ्या. आणि बॅचचं ऑफिसात विचारत बसू नका, लायब्ररीत जाऊन मागच्या दोनतीन वर्षांची डेझर्टेशनं (विद्यार्थ्यांचे प्रबंध) काढा, पहिल्याच पानावर नावापुढं डिग्री असते, कोण कुठून आलंय ते तिथंच कळतंय.